बाळंतिणीच्या फॉर्मवर झोपेचा रकाना हवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत माता-बाल आरोग्याचं काम पाहणारे सर्व अधिकारी

विषय : झोपेचा आजार असलेल्या बाळंतिणीची झोप गृहभेटीत विचारली जाण्याबाबत

महोदय / महोदया,

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई त्या घरी सहा वेळा जातात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्तीची. हातातल्या फॉर्मवर बाळाचं वजन आणि ताप लिहायचा असतो. आईने २४ तासांत पोटभर जेवण किती वेळा केलं, पॅड किती बदलले, स्रावाला घाण वास येतो का, ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का, हेही विचारायचं असतं. ती किती झोपली, हे मात्र विचारायचं नसतं.

'असंबद्ध बोलते का' हा प्रश्न फॉर्मवर आहे, हे चांगलंच आहे. पण बोलणं बिघडेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. बाळंतपणानंतरचा तो तीव्र मनोविकार हजारात एखाद-दोघींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक म्हणजे उडालेली झोप. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी थकवा नाही, उलट अंगात वारं भरल्यासारखी लगबग. हे तिसऱ्या दिवशी विचारलं तर कळतं आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेता येतं.

मात्र हे पत्र तेवढ्याच बायकांसाठी नाही. गरोदरपणाच्या आधीपासून किंवा गरोदरपणात झोपेचा आजार जडलेल्या कितीतरी जणी असतात. कुणाचा घोरता घोरता श्वास अडकतो, म्हणजे स्लीप ॲप्निया. कुणाचे पाय रात्री स्वस्थ बसू देत नाहीत. कुणाला जुना निद्रानाश आहे, तर कुणाला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या आवरता न येणारी झोप. या सगळ्यांना सल्ला एकच मिळतो : बाळ झोपलं की तूही झोपत जा. चौघींपैकी एकीचंही त्याने भागत नाही. ॲप्नियावाली झोपेल, पण त्या झोपेत तासाला पंधरा-वीस वेळा तिचा श्वास थांबेल आणि उठेल ती आंबलेलीच. पायवालीचा त्रास आडवं पडल्यावरच सुरू होतो. निद्रानाशवाली आढ्याकडे बघत बाळाच्या पुढच्या रडण्याची वाट पाहील. आणि नार्कोलेप्सीवाली बाळाच्या आधीच झोपेल, कदाचित बाळ हातात असतानाच.

म्हणून पहिली मागणी चार प्रश्नांची. 'झोप नीट होते का?' असं विचारू नये. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, उत्तर 'होते की' असंच येणार.

पहिला प्रश्न : 'काल या वेळेपासून आत्तापर्यंत, मध्ये न उठता सगळ्यांत लांब झोप किती झाली?' एकूण तास विचारले तर फसगत होते. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. तान्हं बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पितं. त्यामुळे पाऊण-पाऊण तासाचे आठ तुकडे मिळून सहा तास भरतात, पण आवर्तन एकही पुरं होत नाही. आमचा आडाखा असा की सलग चार तास मिळत असतील तर बरं चाललंय. सलग तीन दिवस दोन तासांच्या वर एकही तुकडा नसेल तर घरातल्यांना बसवून बोलायची वेळ आली.

दुसरा : 'बाळ झोपलंय, बघायला कुणीतरी आहे, तुम्ही आडव्या झालात, तर झोप लागते का?' लागत असेल तर तिला वेळ कमी पडतोय. लागत नसेल तर अडचण दुसरीच आहे, आणि लगेच विचारायचं : पायांमुळे की डोक्यातल्या विचारांमुळे?

तिसरा : 'पाजताना किंवा बाळ मांडीवर असताना डोळा लागला का?' हा जपून विचारायचा. आरोपासारखा वाटला की ती खरं सांगणार नाही.

चौथा तिला नाही, रात्री शेजारी झोपणाऱ्याला : 'घोरता घोरता मध्येच गप्प होते आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेते का?' हे ज्याचं त्याला सहसा कळत नाही.

आता पायांबद्दल थोडं सविस्तर, कारण याचा धागा थेट आपल्याच गोळ्यांपाशी पोचतो. 'पाय ओढतात', 'पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं होतं', 'पाय ठेवायला जागा सापडत नाही' अशा शब्दांत बायका हे सांगतात आणि ऐकणारा 'दमलीस, दुसरं काय' म्हणून सोडून देतो. खूण सोपी आहे. संध्याकाळनंतर वाढतं, स्वस्थ पडलं की सुरू होतं, उठून चाललं की थांबतं, पुन्हा पडलं की पुन्हा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं कमी होतं, पण सगळ्यांचं नाही. मेंदूतल्या लोहाच्या कमतरतेशी याचा संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा हा त्रास इथे दुर्मीळ असायचं कारण नाही.

घोळ होतो तो हिमोग्लोबिनपाशी. हिमोग्लोबिन ११ किंवा १२ असलं की 'रक्त चांगलं आहे' म्हणून विषय संपतो. पण शरीराचा लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही तो रिकामा असू शकतो. पायांचा हा त्रास असेल तर फेरिटिन ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपर्यंत किंवा त्याखाली असताना लोह सुरू करावं, असं या आजाराचे तज्ज्ञ मानतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र १५ किंवा २० च्या पुढचा आकडा 'नॉर्मल' म्हणून छापलेला असतो. कागद पाहणाऱ्याला हा फरक माहीत हवा. शिवाय अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून टाके पिकलेले असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी होतेच. त्या दिवशी पायांची तक्रार सांगणारीचं फेरिटिन करण्याची सोय निदान ग्रामीण रुग्णालयात असावी.

लाल गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. त्याच काळात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिवसातून दोनदा. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीतून मिळतात आणि घरी दोन्ही गोळ्या जेवणानंतर चहाबरोबर एकदमच घशात जातात. कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही, चहा तर नाहीच नाही. कॅल्शियम जेवणानंतर घ्यायचं, लोह त्याच्यापासून किमान दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर, चहा-दुधाच्या आसपास नाही. मळमळ किंवा मलावरोधामुळे गोळी बंदच केली असेल तर डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्यावी. बंद ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पायांना आराम पडायला आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी पाकीट फडताळात जातं.

आणि दोन औषधं पाय हटकून बिघडवतात. एक, दूध वाढावं म्हणून दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड. दुसरं, 'गुंगी येते, झोप लागेल' म्हणून घेतली जाणारी सर्दीची जुनी गोळी. तिने बाळही दुधातून सुस्तावू शकतं. झोपेसाठी म्हणून दिलेल्या गोळीनेच रात्र उभ्याने काढावी लागते.

ॲप्नियाची गोष्ट वेगळी. तिथे उपाय आहे, पण तो दवाखान्याच्या दाराशीच अडतो. जिच्याकडे सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, आहे ती बाळंतपणाला येताना ते घरी ठेवून येते, कारण 'तिथे ऑक्सिजन असतोच' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ऑक्सिजन हा सीपॅपचा पर्याय नाही. घसा आतून मिटतो म्हणून श्वास अडतो, आणि मिटलेला घसा हवेच्या दाबानेच उघडा राहतो. सिझेरियननंतरच्या पहिल्या रात्री तर मशीन सर्वांत जास्त लागतं, कारण त्या रात्री ट्रमाडॉलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं दिली जातात आणि ती श्वास आणखी मंदावतात. अशा बाईला शक्यतो पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवर भागवावं, उताणं न झोपवता कुशीवर किंवा डोक्याकडची बाजू उचलून ठेवावं, आणि बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी रात्रभर लावावी. प्रसूती कक्षात प्रत्येक खाटेशेजारी चालू असलेला एक प्लग पॉइंट असावा, ही मागणी क्षुल्लक वाटेल. पण वॉर्डातला एकमेव सॉकेट मोबाइल चार्जिंगने भरलेला असताना मशीन पिशवीतच राहतं.

घरी गेल्यावरच्या अडचणी बारीकसारीक, पण मशीन बंद पडतं ते त्यांनीच. बाळ रडलं की आई घाईत मास्कचे पट्टे ओढून काढते. पट्टे सैल पडतात, पुन्हा लावल्यावर डोळ्यांकडे हवा गळते, आणि तिसऱ्या उठण्यानंतर मास्क उशाला जातो तो सकाळपर्यंत तिथेच. पट्ट्यांना हात लावायचाच नाही. मास्कच्या पुढे नळी जिथे जोडलेली असते तिथून ती सोडवायची, मास्क तोंडावरच ठेवून बाळाला पाजायचं आणि मग नळी पुन्हा अडकवायची. पुन्हा सुरू करताना दाब एकदम अंगावर येत असेल तर रॅम्पचं बटण दाबावं. दाब हळूहळू चढतो. वीज जाते तिथे मशीन इन्व्हर्टरवर घ्यावं आणि त्या रात्री पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवावा. मशीनपेक्षा जास्त वीज तोच ओढतो. त्यातलं पाणी रोज बदलायचं, मास्कचा नाकाला टेकणारा भाग रोज सौम्य साबणाने धुवायचा. बाळंतपणानंतर वजन आणि नाकाची सूज दोन्ही उतरतात, तेव्हा दाब पुन्हा तपासून घ्यावा. खाटेखाली शेगडी ठेवून धुरी देण्याची चाल अजून बऱ्याच घरांत आहे. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि घरातले म्हणतात, बाळंतीण झोपाळूच असते. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

नार्कोलेप्सीबद्दल आपल्याकडे माहिती इतकी कमी की त्या बाईच्या वाट्याला 'आळशी' हे एकच निदान येतं. जागं ठेवणारं ओरेक्झिन नावाचं रसायन मेंदूतल्या ज्या पेशी तयार करतात त्या नष्ट झाल्याने हा आजार होतो, निदान त्याच्या मुख्य प्रकारात तरी. कितीही झोपलं तरी ही तूट भरत नाही. काहींना जोरात हसू आलं किंवा एकदम राग आला की गुडघे आणि मान सैल पडते, शुद्ध असूनही. बाळाच्या पहिल्या हसण्याला ती आई खळखळून हसली तर हातातलं बाळ निसटू शकतं. म्हणून अशा घरासाठी आशाताईंना नेमकं सांगता आलं पाहिजे. बाळाचे कपडे टेबलावर किंवा पलंगावर नाही, जमिनीवर गोधडी अंथरून बदलायचे. पाजायचं जमिनीवरच्या गादीवर, खुर्चीत किंवा सोफ्यावर कधीच नाही. बाळाची अंघोळ दुसऱ्या कुणीतरी घालायची; पायांवर बाळ घेऊन अंघोळ घालणाऱ्या बाईचा डोळा लागणं किंवा हातातली ताकद जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको. जिना उतरताना बाळ तिच्याकडे नाही. दुचाकी नाही. तळणाच्या कढईजवळ ती एकटी नाही.

विश्रांतीचं गणितही इथे उलटं. रात्रीची सलग झोप हवीच, पण त्याशिवाय दिवसा ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन डुलक्या हव्यात. उदाहरणार्थ साडेदहा, अडीच आणि साडेपाच. झोप आली की झोपायचं, असं नाही. घड्याळ सांगेल तेव्हा, झोप अंगावर कोसळायच्या आधी. 'बाळ बघायला' येणारे पाहुणे नेमके याच वेळांवर येतात, तेव्हा दुपारी दोन ते चार दार बंद राहील हे आशाताईंनी घरच्यांना सांगितलं तर त्याला वजन येतं. सुनेने सांगितलं तर वाकडी तोंडं होतात.

औषधाची एक गोष्ट कुटुंब नियोजनाच्या सल्ल्यात हटकून सुटते. नार्कोलेप्सीसाठी दिलं जाणारं मोडॅफिनिल गर्भाला घातक ठरू शकतं म्हणून गरोदरपणात टाळलं जातं, आणि तेच औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, बंद केल्यावरही काही आठवडे. म्हणजे ते पुन्हा सुरू करणाऱ्या आईने नुसत्या गोळ्यांवर विसंबलं तर नको असलेला गर्भ आणि नको असलेलं औषध दोन्ही एकदम. तिच्यासाठी कॉपर-टी बरी. अंगावर पाजताना औषध घ्यायचं की नाही, हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावं. स्वतःहून सुरू नको, स्वतःहून बंदही नको.

जुन्या निद्रानाशाबद्दल थोडक्यात : वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसायचं, घड्याळ भिंतीकडे वळवायचं, सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. झोपेचे तास मुद्दाम कमी करण्याची जी उपचारपद्धत आहे, ती बाळंतिणीवर तज्ज्ञाशिवाय वापरू नये. अपस्मार किंवा द्विध्रुवी मनोविकार असेल तर त्या पद्धतीने हानी होते.

आता रात्रीची आखणी. आजार कोणताही असो, दवाखान्यात लिहून मिळत नाही आणि घरात कुणी ठरवत नाही अशी हीच एक गोष्ट. रात्री कोण उठणार हे रात्री ठरवायचं नसतं. रात्री जो आधी जागा होतो तोच उठतो आणि ती आईच असते. संध्याकाळी कॅलेंडरवर नाव लिहायचं. पावणेनऊला आईने दोन्ही बाजूंनी पाजायचं आणि नऊला झोपायचं. नऊ ते एक बाळ दुसऱ्याकडे. मध्ये बाळ उठलं तर दोन वाटा आहेत. काढून ठेवलेलं आईचंच दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणं, ही एक. दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ते चार तास धरून चालू नये, सरळ फ्रिजमध्ये ठेवावं. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, उकळायचं नाही. दुसरी वाट पहिल्या काही आठवड्यांत बरी : बाळ आईजवळ आणायचं, तिने कुशीवर पडल्यापडल्या पाजायचं, दिवा आणि मोबाइल बंद, आणि आणणाऱ्याने तिथेच जागं बसून बाळ पिऊन झालं की उचलून न्यायचं, ढेकर काढायचा. जागं बसणं महत्त्वाचं, कारण त्या अंधारात आईचा डोळा लागणारच आहे.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. तीन-चार तासांनी छाती भरून दुखते आणि आई त्यानेच जागी होते. अशा वेळी हाताने मऊ पडेल एवढंच दूध काढावं. पूर्ण रिकामी केली तर पुढच्या रात्री आणखी भरते. दुसरं, आई त्याच खोलीत असेल तर बाळाच्या प्रत्येक कुरकुरीला उठते. तान्हं बाळ झोपेतच कण्हतं, हातपाय हलवतं. त्याची जवळजवळ निम्मी झोप तशीच असते. लगेच उचललं की झोपलेलं बाळ जागं होतं. एका खोलीच्या घरात आईने लांबच्या भिंतीकडे कानात बोळे घालून झोपावं आणि बाळ बघणाऱ्याने मध्ये. तिसरं, बाळ ज्या जागी झोपतं ती. आईला गुंगीचं औषध चालू असेल किंवा नार्कोलेप्सी असेल तर एका अंथरुणात बाळ नको. हाताच्या अंतरावर वेगळी, सपाट, कडक गादी, बाळ पाठीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी काही नाही. चौथी गोष्ट सुट्टीची. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. खाजगीतल्या, रोजंदारीवरच्या बापाला कायद्याने काहीच नाही. नऊ ते एक जागून तो सकाळी सहाची पाळी दहा दिवस करतो, अकराव्या दिवशी कोसळतो. म्हणून कॅलेंडरवर तीन नावं हवीत, एक नाही.

तपासणीबाबत एवढंच, की ॲप्नियाचा संशय आल्यावर मोठ्या शहरातल्या झोपेच्या प्रयोगशाळेत रात्र काढायला सांगितलं तर तान्हं बाळ असलेली आई जात नाही. घरी करायची चाचणी, म्हणजे बोटाला चिमटी, नाकाशी नळी, छातीला पट्टा, तिच्यासाठी सोयीची. पण ती यंत्रं झोप मोजत नाहीत, मशीन चालू होतं तो सगळा वेळ मोजतात. आठ तासांत तीन तास पाजण्यात गेले तर अडलेल्या श्वासांची भागाकाराने येणारी संख्या खोटीच कमी दिसते. त्या रात्री जागण्याच्या वेळा वहीत लिहून अहवालासोबत द्याव्यात. आणि नार्कोलेप्सीची दिवसा होणारी चाचणी झोप तुटलेल्या आईवर घाईने करू नये. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागणं ही त्या चाचणीची खूण. आठवडाभर न झोपलेली कोणतीही बाई तेवढ्या वेळात झोपते.

चार प्रश्न फॉर्मवर छापायला नवीन योजना लागत नाही. फॉर्म पुढच्या वेळी छापायला जाईल तेव्हा जेवणाच्या प्रश्नाखाली जागा करावी, आशाताईंच्या मासिक बैठकीत एक दुपार त्यावर द्यावी, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत छापावा. तोवर बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत पेनाने समासात एक आकडा लिहिला तरी चालेल : सलग झोप, तास किती.

आपले विश्वासू,
झोपेच्या आजारांवर आणि बाळंतपणानंतरच्या सेवेत काम करणारे आम्ही काही जण